सकाळ अव्वाची, दुपार दवाखान्याची

आधी हाताचं सांगते, म्हंजे पुढचं सगळं नीट कळंल. माझ्या अव्वाचा डावा हात.

अव्वा म्हंजे आई. आमी बेंबळीकडचे लिंगायत वाणी, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि भांडण असलं तर सगळंच मराठीत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, डबीत घालून दोऱ्यानं बांधलेलं. सकाळी अंघोळ झाली की ते काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, इबित म्हंजे विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, आणि मग त्याच्याकडं टक लावून बसायचं. ही पूजा झाल्याबिगर अव्वा पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हती. तापात न्हाय, बाळंतपणात न्हाय, माझे वडील गेले त्या दिवशीसुद्धा न्हाय.

आणि तिच्या अंगावरनं वारं गेलं ते नेमकं डाव्या बाजूनं!

पाय फरफटत का होईना जरा टेकत होता, पण हात पार गेला. तळवा उघडून दिला तर बोटं आपोआप मिटायची, मनगट बाहेरच्या बाजूला कलायचं. मी पहिल्याच दिवशी म्हणलं, "अव्वा, उजव्यावर ठेव की. देव काय हात बघतोय व्हय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढलाच न्हाय.

मग आमी एक रीत बसवली. मी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे. तिचा हात खालनं धरायचे, मनगटापाशी एक हात आणि बोटांखाली दुसरा, बोटं मिटू द्यायची न्हाईत. लिंगाला माझा हात लावायचा न्हाय, कारण ज्याचं लिंग त्यानंच हाताळायचं. मी फक्त हात धरायचे. खालचा पाट म्हणा ना! आणि अव्वाचं सारखं चालायचं, "हालू नको. हळू श्वास घे. तुझ्या फुंकरीनं बेल उडतंय बघ." मी हसू दाबायचे, तर हात हालायचा, तर ती आणखी चिडायची, आणि मग तिलाच हसू यायचं. पाणी घरंगळून माझ्या कोपरापर्यंत यायचं. थंडीत लई गार लागायचं.

मला ते आवडायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं न्हाय. वडील गेलेले, माझा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापात गेला, सासरच्यांनी मला बैलगाडीत बसवून परत धाडलं. चुलत्यानं बेंबळीच्या घरात आमाला मागची खोली दिली होती, आणि जेवायला मागच्या दारानं. त्या सगळ्यात सकाळी कुणीतरी माझ्याशिवाय अडून बसतंय, ह्याचं बरं वाटायचं.

दवाखान्यात मी लागले ती अव्वामुळंच. तिला वारं गेलं तेव्हा धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथं बायकांच्या वार्डाला एक म्हातारी डाक्टरीण होती. मी अव्वाला कुशीवर वळवताना, पाठ चोळताना तिनं बघितलं असावं. एक दिवस म्हणाली, "तू इथंच का राहत नाहीस? मी तुला शिकवते. नर्स हो."

मी म्हणलं, "मला इंग्रजी येत न्हाय."

"जखमेला कुठं येतं?"

मग मी अव्वाच्या पूजेचं सांगितलं. वाटलं, हसंल. हसली न्हाय. म्हणाली, "ठीक. सकाळ तुझ्या आईची. दुपारपासून माझी. दुपारच्या घंटेला यायचं आणि रात्रपाळीची नर्स आली की जायचं. कबूल?"

मी तिच्या पायावर डोकंच ठेवलं!

आमी धाराशिवातच दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. चुलता म्हणाला, बघू किती दिवस टिकतंय. अव्वानं बेंबळीतनं निघताना मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाय. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणली, "आता त्या मागच्या दारानं परत यायचं न्हाय. म्या मेले तरी न्हाय."

शेजारी भिंतीला भिंत लागून खाला राहायची. मुसलमानाची म्हातारी, एकटी, एक शेळी, आणि तोंडाला दम न्हाय. तिचं दखनी आणि अव्वाचं कानडी-मराठी, दोघी तासन्‌तास बोलायच्या आणि एकमेकींचं किती कळतंय ह्याची दोघींना फिकीर नव्हती. मी दुपारी गेले की खाला अव्वाकडं बघायची. पडली झडली तर बसवायची, पाणी द्यायची. संध्याकाळी मी आले की तक्रारी. "तेरी मां मेरेकू बोली, तेरी शेळी का दूध पतला है. पतला! मेरी शेळी का!" आतनं अव्वा, "मग काय खोटं बोलू? तुझ्या बोलण्यासारखं पाणी घालून लांबवलंय त्याला."

लई सुखाचे दिवस होते ते. सुखाचे म्हणताना लिहायला काही सापडत न्हाय बघा. रोज सकाळी हात, पाणी, बेल, भाकरी. दुपारी दवाखाना.

मग म्हाताऱ्या डाक्टरणीचा तबादला झाला. कुठं लांब, रेल्वेनं जायचं गाव. जाताना तिनं मला गळ्याशी धरलं, म्हणली, नवीन बाईंना सांगून ठेवते. सांगितलं असंल. नसंल. मला कधीच कळलं न्हाय.

नवीन डाक्टरीणबाई हैदराबादेहून आल्या. तरुण, ताठ, बोलताना मान हालत नसलेल्या. वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगते, न्हायतर पुढचं वाचून तुमी त्यांना शिव्या द्याल. त्या आल्या त्याच आठवड्यात दोन नर्सा सोडून गेल्या, एकीचं लग्न आणि एकीचं भांडण, आणि वार्डात खाटा कमी आणि बायका जास्त, खाली जमिनीवर चटया टाकलेल्या. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि पाळ्या वाचल्या. माझी सकाळची. उजाडायच्या आत हजर, दिवेलागणीला सुट्टी.

मला वाटलं चूक झाली असंल! मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "बाईसाहेब, माझी दुपारची कबूल झालीय."

"कबूल? कुणाशी?"

"आधीच्या बाईसाहेबांशी."

"त्या आता इथं आहेत का?"

"न्हाईत."

"मग?" त्या म्हणल्या. "जखमा सकाळी धुवायच्या असतात. तुझ्या सवडीनं नाही."

मी पूजेचं सांगायला लागले. हात, बोटं, बेल, सगळं भराभरा. मला घाई झाली की मी असंच बोलते, एकात एक घालून. मागच्या आया खुसुखुसु हसायला लागल्या. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणल्या, "घरी दुसरं कुणी नाही?"

"न्हाय."

"तर मग पहाटे उठ आणि करून ये. देव पहाटेही असतो."

आता ह्यात काय चूक होतं सांगा. मलाही वाटलं, व्हय की! एवढं सोपं! घरी जाऊन अव्वाला सांगितलं तर तिलाही पटलं.

पण थंडीचे दिवस. अव्वाचं अंग सकाळी लाकडासारखं असायचं, ऊन वर आलं की जरा सैल व्हायचं. अंधारात चूल पेटवायची, पाणी तापवायचं, तिला धरून न्हाणीपाशी न्यायचं, अंघोळ घालायची. ती थडथड उडायची. ओठ निळे. पूजेला बसली तर उजवा हातसुद्धा थरथरायचा, पाणी लिंगावर पडायच्या ऐवजी मांडीवर. आणि तिला घाई चालत न्हाय. तिची टक लागायला वेळ लागायचा आणि इकडं दवाखान्याची घंटा व्हायची. मी म्हणायचे, "अव्वा, झालं का?" ती म्हणायची, "तू असं विचारल्यावर कसं व्हईल?"

मला उशीर व्हायला लागला. बाईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग म्हणल्या, पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस. आणि अव्वाला खोकला लागला. छातीतनं येणारा. मी नर्स, मला तो आवाज कळत होता.

मग अव्वानंच ठरवलं. "तू जा. ऊन आल्यावर खाला पाणी तापवून दील. हाताखाली म्या उशी घेते. तेवढंच तर काम तुझं!"

"तेवढंच?" मला राग आला. खरंच आला.

"उशीला फुंकर मारायची सवय न्हाय," अव्वा म्हणली.

खाला दारातनं ऐकत होती. ती पटकन बोलली, "मैं हूं ना! मैं नीचे से धरतूं. ऊपर तुमारा देव, नीचे मेरा हात. मैं कायकू लगाऊं देव कू हात?" अव्वानं मान हालवली. "नको गं. ते लेकीचं काम हाय." खाला गप बसली. तिला लागलं असावं. खाला गप बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

उशीचं काही दिवस चाललं. मी संध्याकाळी यायचे, विचारायचे, झाली का पूजा, अव्वा म्हणायची, "झाली. तुझ्यापेक्षा शहाणी हाय उशी." आमी हसायचो.

आणि एक दिवस दिवेलागणीला मी दारात आले तर दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर जमिनीवर बसलेल्या. दिवा लावलेला न्हाय. चूल गार. मधी, कणगीपाशी, एक टोपली पालथी घातलेली. दोघी त्या टोपलीकडं बघतायत.

"काय झालं?" मी म्हणलं.

मग खाला म्हणली, "तेरी मां का देव. टोपली के नीचे."

उशी सरकली होती. हात कलला. लिंग पडलं आणि घरंगळत कणगीपाशी गेलं. अव्वा त्याला धरायला गेली आणि कुशीवर पडली. खालानं आवाज ऐकून धाव घेतली, तिला कशीबशी बसवली. पण अव्वाला तिथवर सरकवायची ताकद तिच्यात नव्हती, आणि लिंगाला हात लावायचा न्हाय. अव्वानं काठीनं ढकल म्हणलं तर खाला म्हणली, "लकडी लगाऊं देव कू? तौबा!" मांजराचं भ्याव, म्हणून काठाला धरून टोपली तेवढी पालथी घातली. मग बुरखा घालून दवाखान्याच्या फाटकावर गेली, मला बोलवायला. फाटकावरचा पहारेकरी म्हणला, ड्युटीच्या टायमाला घरचा निरोप आत न्यायचा न्हाय, नवा हुकूम हाय. ती त्याच्याशी भांडली. त्यानं ऐकलं न्हाय. मी भिंतीच्या पलीकडंच होते. पट्ट्या धूत होते.

खाला परत आली आणि अव्वासमोर बसून राहिली. सकाळपासून. अव्वानं पाणी घेतलं नव्हतं, आणि आता मी विचारलं तर कळलं की खालानंबी घेतलं नव्हतं.

"तुमी का न्हाय खाल्लं, खाला?"

"उसके सामने बैठ के खाऊं?" ती माझ्यावरच ओरडली. "मेरा भी रोजा हो गया. बेमौसम का!"

मी टोपली उचलली, अव्वाला काखेत धरून तिथवर नेलं. तिनं आपल्या हातानं लिंग उचललं, पदरानं पुसलं, पुसतच राहिली. आणि म्हणली, "पडलं गं. आता माझं काय राहिलं?"

आमच्यातली जुनी माणसं मानतात, की लिंग पडणं म्हंजे जिवंतपणी मरणं. मी लई बोलले, समजावलं, ती ऐकंना. मग मठातल्या स्वामींना बोलावून आणलं. म्हातारे, गुडघे धरून चालणारे. त्यांनी अव्वाच्या कपाळाला इबित लावली, मंत्र म्हणले, लिंग पुन्हा तिच्या हातावर दिलं. मी खालनं हात धरला होता. स्वामी म्हणले, "पडलं न्हाय ते, माय. हात कलला नुसता. हात म्हंजे तुमी न्हाय." अव्वा लहान पोरीसारखी रडली. त्या संध्याकाळी ती जेवली. खालाबी आमच्यातच जेवली, आणि भाकरी जाड झालीय म्हणून मला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडं गेले. ह्या वेळी सावकाश बोलायचं ठरवून गेले. म्हणलं, सकाळी उन्हं आल्यावर थोडा वेळ घरी जाऊन येऊ द्या, पळत जाते, पळत येते. बाईंच्या पुढ्यात तेव्हा एक बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं. त्या माझ्याकडं न बघताच बोलल्या, "हिला सोडून जाशील? जा." मी गेले न्हाय. कशी जाणार? तीबी कुणाची तरी अव्वाच.

संध्याकाळी अव्वाला सांगायचं कसं म्हणून मी दारात रेंगाळले. तर तीच आतनं हाक मारती, खुशीत! "अगं ये, ऐक. स्वामी येऊन गेले. म्हणले, मी रोज सकाळी इकडनंच जातो, मी धरत जाईन हात. झालं, मिटलं!"

मला एवढं हलकं वाटलं की मी तिथंच चुलीपाशी बसून घेतलं. देवमाणूस! मी म्हणलं, त्यांना एकदा जेवायला बोलवू. अव्वा म्हणली, "बोलवू की. घाई काय."

मग दिवस भराभर गेले. बाहेर मोठी लढाई चाललेली, दवाखान्यात काहीच मिळंना. कापूस न्हाय, पट्ट्यांना कापड न्हाय. संध्याकाळी मी घरी यायचे, अव्वाबरोबर तिन्हीसांजेची पूजा व्हायची, हात धरायचे मी. आमच्यात दोन वेळा पूजा असते, संध्याकाळची माझ्याकडं राहिली होती. तिचा हात हलका लागायचा. मला वाटायचं, आपल्याला सवय झालीय म्हणून. ती जेवायची चांगली, अगदी भराभर. मला वाटायचं, तब्येत सुधारली.

एक दिवस भर दुपारी बाईंनी मला गल्लीत धाडलं. जुनी सुती लुगडी गोळा करून आण, फाडून पट्ट्या करू. मी घरोघर हिंडले, गाठोडं भरलं, आणि आपल्या दारावरनंच जातोय तर डोकावू म्हणून आत गेले.

अव्वा पाटावर बसलेली. अंघोळ झालेली, कपाळाला इबित. समोर तांब्यात पाणी. बेलाची पानं वाळून कुरकुरीत झालेली, एकाला पाणी लागलेलं न्हाय. डबी गळ्यातच. आणि बाजूला मी पहाटे करून ठेवलेल्या भाकरीचं ताट, झाकलेलं.

"तू?" ती दचकली. "आता कशी काय तू?"

"अव्वा, स्वामी आले न्हाईत आज?"

तिनं ताट मागं सरकवलं. मी झाकण उचललं. भाकरी जशीच्या तशी.

"अव्वा, स्वामी येतात ना?"

"उगं बस," अव्वा म्हणली. "म्हाताऱ्या माणसाला एवढं लांबनं रोज कसं बोलवायचं?"

तेवढ्यात खाला दारात आली, मला बघून परत फिरायला लागली. मी तिचा हात धरला. मग तिनं सगळं सांगितलं. स्वामी कधी आलेच नव्हते. ती सकाळची भाकरी रोज खालाच्या शेळीला. "मेरेकू कसम दी तेरी मां ने. क्या करूं मैं?" म्हणून खाला भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. "मेरी शेळी मोटी हो गई, तेरेकू दिखी नहीं क्या?"

मी अव्वाला किती बोलले मला आठवत न्हाय. गाठोडं तिथंच पडलेलं. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणली, "एक वेळ जेवते की. लई झालं मला. तुझी नोकरी गेली तर त्या मागच्या दारानं जावं लागंल. म्या तिथं न्हाय जेवणार गं. तिथं जेवण्यापरीस हे बरं."

मी तिच्यासमोर बसले. हात धरला. तिनं डबी काढली. भर दुपारी आमची सकाळची पूजा झाली. ऊन दारातनं आत आलं होतं, तिच्या तळहातावर पडलं होतं, आणि तो हात आतनं दिसावा इतका पातळ झालेला. मी भाकरी दुधात कुस्करून तिला भरवली आणि मगच गाठोडं उचललं.

बाई वार्डाच्या दारात उभ्या. "इतका उशीर?"

मी सांगितलं. सगळं. ह्या वेळी मी सावकाशबी न्हाय बोलले आणि भराभरबी न्हाय, कसं बोलले कुणाला ठाऊक. कुणी हसलं न्हाय. बाईंनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, खाली ठेवलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, बाईसाहेब."

त्यांचं तोंड उतरलं. मग म्हणल्या, "हैदराबादेहून एक नर्स यायची आहे. ती आली की तुझी दुपारची पाळी. माझा शब्द. तोपर्यंत सकाळी उन्हं आली की घरी जाऊन येत जा, मी बघते." आणि त्या खरंच बघायच्या. माझ्या खाटांपाशी स्वतः उभ्या राहायच्या. मी पळत जायचे, हात धरायचे, पळत यायचे. पण पटकीची साथ आली. गावात, मग आजूबाजूच्या खेड्यांत. गाड्याच्या गाड्या भरून माणसं यायला लागली. बाई म्हणायच्या, जा, आणि मला दिसायचं की बाई दोन रात्री झोपलेल्या न्हाईत. कधी जायचे, कधी जमायचं न्हाय. नवी नर्स आज येईल, उद्या येईल.

अव्वाचा खोकला परत उसळला. आता ताप होता.

त्या सकाळी पहारेकरीच पळत वार्डात आला. तोच, हुकूमवाला. "तुमची ती म्हातारी खाला फाटकावर हाय. मी तिला विचारलं न्हाय काय काम हाय ते. तुमी जा." बाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं, मी निघालेसुद्धा.

घरी पोचले तर अव्वा भिंतीला टेकून बसलेली. कपाळावर ओली इबित. लिंग पुन्हा डबीत, गळ्यात. बाजूला ओला बेल, खरंच ओला. आणि खालाच्या ओढणीचं टोक भिजलेलं.

खाला धापा टाकत माझ्या मागनं आली. म्हणली, "सुबह बोली मेरेकू, धर गं आता. मैंने हात पे ओढणी लपेट ली. नीचे से धरी. हिली भी नहीं मैं, अल्ला कसम, हिली नहीं." अव्वाची पूजा झाली होती. पूजा झाल्यावर तिनं खालाच्या हातनं दोन घोट दूध घेतलं होतं, आणि म्हणली होती, आज पातळ न्हाय. मग माझं नाव घेतलं, म्हणून खाला फाटकावर धावली होती.

मी पोचले तेव्हा अव्वा गेलेली होती. अंग अजून गरम होतं.

आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, आडवं निजवतबी न्हाईत. बसवतात. मांडी घालून, इबित लावून, फुलं वाहून, आणि लिंग डाव्या तळहातावर देऊन, तसंच बसलेलं मातीत ठेवतात. स्वामी आले, बेंबळीहून चुलता आला, गल्ली भरली. अव्वाला भिंतीपाशी बसवली. लिंग हातावर ठेवलं, आणि हात कलला. मेल्यावरसुद्धा तीच सवय. बोटं मिटायला लागली. कुणीतरी म्हणलं, दोरीनं बांधा मनगट.

मी म्हणलं, "नको. थांबा जरा."

मी तिच्यासमोर बसले. मनगटापाशी एक हात, बोटांखाली दुसरा. लिंगाला हात लागू दिला न्हाय. दवाखान्यात मी शिकले होते, माणूस गेल्यावर अंग हळूहळू ताठ होतं, जसं ठेवाल तसंच राहतं. लोक कुजबुजत होते, चुलता दोनदा येऊन बघून गेला, स्वामी म्हणले, बसू द्या पोरीला. मी हळू श्वास घेत होते. बेल उडू नये म्हणून.

मग केव्हातरी कळलं, की आता मी हात धरलेला न्हाय, तो आपला आपणच धरून हाय. मी बोटं काढली. हात तसाच राहिला. उघडा, सरळ. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी न धरता.

सुतकबितक आमच्यात फार मानत न्हाईत. थोड्या दिवसांनी मी दवाखान्यात गेले. नवी नर्स आली होती हैदराबादेहून. बाई मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांना बोलायला जड जात होतं, हे मला दिसत होतं. "उद्यापासून तू दुपारी ये," त्या म्हणल्या. "मी शब्द दिला होता. लिहून पण ठेवलंय या वेळी, कुणी बदलणार नाही."

मी म्हणलं, "बाईसाहेब, सकाळचीच राहू द्या."

त्यांना वाटलं, मी रागावले. "अगं, पण तुला सकाळ मोकळी हवी होती ना?"

काय सांगू त्यांना! मी आत गेले, पट्ट्यांची घमेली उचलली, पाणी ओतलं. सकाळी घरात बसून आता मी काय धरू?